घरच्या घरी सुरी घडवायची आहे : पहिली हत्यारं कोणती घ्यावीत?

रानवाट

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ आमचं जुनं घर आहे. मागे परसात पत्र्याची शेड रिकामी पडली आहे. तिथे भट्टी लावून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या स्वतः घडवायचं मनात आहे. विकायच्या नाहीत, घरात वापरायच्या, आणि जमल्या तर नात्यात द्यायच्या. वेल्डिंग बऱ्यापैकी येतं, चार इंची ग्राइंडर घरात आहे. हातोड्याचं काम मात्र कधी केलेलं नाही.

व्हिडिओ बघून यादी वाढतच चालली आहे. ऐरण, गॅसची भट्टी, बेल्ट ग्राइंडर, चार प्रकारच्या सांडशा. सगळं घ्यायचं म्हटलं तर बजेटच्या कितीतरी पुढे जातं. माझ्याकडे १५ हजार आहेत, ओढूनताणून २०. आधी काय घेऊ, नंतर काय, आणि कशावाचून अडत नाही? कोळसा की गॅस? पोलाद कुठलं? प्रत्यक्ष केलेल्यांनी लिहा.

बोहरीआळी

ऐरण विकत घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानात नवी म्हणून जी मिळते ती बरेचदा बिडाची असते. हातोडा मारला की ठणठणत नाही, भद्द वाजते आणि कोपऱ्याचे टवके उडतात. घ्यायचीच झाली तर खिशात बेअरिंगची एक गोळी ठेवा आणि फूटभरावरून ऐरणीवर सोडा. चांगल्या पोलादावरून ती टणकन बरीच वर येते, बिडावर तिथेच मरते.

त्यापेक्षा भंगारवाल्याकडे जाड शाफ्टचा तुकडा बघा. १०० मिलिमीटर व्यासाचा फूटभर तुकडा १८-१९ किलो भरतो. तो उभा करून लाकडाच्या ओंडक्यात अर्धा गाडायचा आणि वरचं तोंड ग्राइंडरने सपाट करायचं. सुरीला एवढी ऐरण पुरते. पुण्याला येणं झालं तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा.

घाटमाथा

+१. रुळाचा तुकडा मिळाला तर तोही उत्तम, उभाच रोवायचा. आडवा ठेवला की मधली पट्टी बारीक असल्यामुळे दणका खाली जात नाही, नुसता नाचतो.

शिरोळकर

घाटमाथा, रुळाचं जरा जपून. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. तुकडा कुठून आला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. लिलावातला माल घेतलेल्या भंगारवाल्याकडून पावतीसकट घ्या, नाहीतर नाद सोडा. शाफ्टने काम भागतंय ना!

भाताफुंक्या

कोळसा. दुसरा विचारच नको.

ओव्हीकाका

एका शब्दात उडवू नका हो भाताफुंक्या, नवा माणूस विचारतोय :) गॅसचे फायदे आहेत. उष्णता एकसारखी, धूर कमी, पातं आत दिसतं, जाळायची भीती कमी. माझी गॅस भट्टी आहे आणि मी परत कोळशाकडे जाणार नाही.

भाताफुंक्या

बरं, सविस्तर लिहितो.

नव्या माणसाला गॅसची भट्टी म्हणजे सिलिंडर, जास्त दाबाचा रेग्युलेटर, बर्नर, सिरॅमिक लोकर आणि तिच्यावर द्यायचा लेप. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर याला वापरणं नियमात बसत नाही आणि त्याचा रेग्युलेटर शेगडीपुरत्या कमी दाबाचा असतो, त्यावर असा बर्नर चालत नाही. म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आला. लोकर उघडी ठेवली तर तिचे तंतू छातीत जातात, म्हणून लेप टाळता येत नाही. बंद जागेत गॅस जाळली की कार्बन मोनॉक्साइडची धास्ती. रानवाट यांचं निम्मं बजेट इथेच गेलं.

कोळशाच्या भट्टीला काय लागतं? जमिनीत किंवा पत्र्याच्या डब्यात मातीचा खड्डा, बाजूने एक लोखंडी नळी आणि हाताने फिरवायचा पंखा. माती, राख आणि भाताचा भुसा कालवून लिंपायचं आणि सावलीत हळूहळू वाळू द्यायचं. सिमेंट वापरायचं नाही, तापल्यावर तडकून उडतं. नदीचे गोटेही नकोत, आतल्या ओलीने फुटतात. नळी साधी काळी घ्या. जस्त चढवलेली पांढरी नळी तापली की जस्ताची वाफ होते, ती छातीत गेली की संध्याकाळी थंडीताप येतो.

कोळसा लोणारी, म्हणजे लाकडाचा घ्या. दगडी कोळशात धूर आणि गंधक दोन्ही. लोणारी हलका असल्यामुळे भरभर संपतो आणि ठिणग्या उडतात, एवढीच तक्रार. बटाटवड्याएवढे तुकडे करून चाळून घ्यायचे.

ओव्हीकाका

ठीक आहे, बजेटचा मुद्दा मान्य. पण लोणारीत पातं जाळणं फार सोपं आहे हेही लिहा. पंखा जोरात फिरवला आणि नजर हटली की पात्याचं टोक पांढरं पडून फुलबाजीसारखं तडतडतं. तेवढा भाग गेला, कापूनच टाकावा लागतो.

भाताफुंक्या

ते खरं. म्हणूनच मी विजेचा ब्लोअर सुचवत नाही. हाताने फिरवताना लक्ष आगीवरच राहतं.

सुगरणबाई

यातलं मला काही कळत नाही, पण रानवाट, वहिनींना विचारलंत का? आमच्याकडे ह्यांनी नुसता सुतारकामाचा सेट आणला तर गॅलरी गेली. तुमची तर शेड जाणार, आणि मग वाळवण कुठे घालायचं? :ड

रानवाट

सुगरणबाई, परवानगी मिळाली आहे. पहिली सुरी तिचीच, ही अट आहे. कांदा पातळ चिरला गेला पाहिजे, हीही.

धातुशास्त्री

वहिनींच्या अटीवरूनच पोलाद ठरवता येतं, कारण इथे ऐरणीची आणि भट्टीची चर्चा झाली पण मुख्य पैसा जिथे घालायचा त्याला कोणी हात लावला नाही. नवशिक्याने ओळख असलेलं पोलाद घ्यावं. बाकी सगळं भंगारातून आलं तरी चालेल.

बांधकामाची सळई किंवा साधी पट्टी यात कार्बन साधारण ०.२ टक्के. कितीही पाणी द्या, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करा, सुरीला लागतो तेवढा कडकपणा येत नाही. आकार सुंदर येईल, धार मात्र पहिल्या टोमॅटोला बसेल.

ट्रकचा पाटा, म्हणजे चाकावरच्या कमानीची पट्टी, आपल्याकडे सगळ्यांत प्रसिद्ध. बाजारात ‘पाट्याचा कोयता’ म्हणून दोन पैसे जास्त घेतात ते उगाच नाही. यात कार्बन ०.५ ते ०.६ च्या आसपास, जोडीला क्रोमियम, मँगनीज किंवा सिलिकॉन, बनावटीप्रमाणे. चिवट असतो, घाव सोसतो. कोयता, कुऱ्हाड, मोठा सुरा यांना उत्तम. पण जुना पाटा लाखो हेलकावे खाऊन आलेला असतो, आत डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. शिवाय तो ८-१० मिलिमीटर जाड. त्यातून भाजीची पातळ सुरी काढायची म्हणजे हातोडा मारून खांदा जाईल.

भाजीच्या सुरीला सी-७५ जातीची पट्टी घ्या. कार्बन ०.७५ टक्के, साधा स्वभाव, तेलात चांगलं कडक होतं. ३ किंवा ४ मिलिमीटर जाडीची पट्टी पोलादाच्या व्यापाऱ्याकडे मागा. दुकानदार ‘हे घ्या, सेमच आहे’ म्हणाला तर घेऊ नका.

बोहरीआळी

ईएन-३१ का नको? बेअरिंगचं पोलाद. कार्बन १ टक्का, धार जबरदस्त राहते. आणि कुठेही मिळतं.

धातुशास्त्री

धार राहते, पण त्यात दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम आहे. त्याची कार्बाइडं, म्हणजे कार्बनशी जुळून झालेले कडक कण, विरघळायला पातं योग्य तापमानाला काही मिनिटं स्थिर धरावं लागतं. तापमान दाखवणाऱ्या विजेच्या भट्टीत ते सहज होतं. लोणारी कोळशात, हाताने पंखा फिरवत, नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने? नव्या माणसाच्या हातून कधी कमी तापेल, कधी जास्त. सी-७५ एवढं नखरेल नाही. ईएन-३१ पुढच्या वर्षी.

बोहरीआळी

पटलं.

कृष्णाकाठ

हातोड्याबद्दल कोणी लिहिलं नाही. बरेच नवे लोक मोठा घेतात. सुरीला किलोभराचा पुरतो, मनगट बारीक असेल तर ८०० ग्रॅम. दुकानातल्या हातोड्याच्या तोंडाची कड धारदार असते, ती पात्यावर चंद्रकोरीसारखे खड्डे पाडते आणि ते नंतर घासून काढताना जीव जातो. आणल्या आणल्या कड ग्राइंडरने गोलसर करा, तोंड किंचित फुगीर ठेवा, पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. दांडा बाभळीचा.

सांडशी सुरुवातीला घेऊच नका. पट्टी दोन-अडीच फूट लांब ठेवा, थंड टोक हातात धरा आणि पुढचं टोक घडवा. तुकडा आखूड असेल तर, तुम्हाला वेल्डिंग येतंच, मागे सळई जोडून टाका. पात्याला न बसणाऱ्या सांडशीतून लाल पातं निसटून पायावर पडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पुढे पट्टीच्या जाडीची सांडशी स्वतःच घडवता येते.

निवृत्तमास्तर

थोडं अवांतर. आपण या कामाबद्दल परदेशी व्हिडिओंतून शिकतो आणि आपल्या रस्त्यावर बसलेल्या घिसाडी कुटुंबाकडे बघतही नाही. आमच्या गावात बाजाराच्या दिवशी पालं पडत. पुरुष सांडशीत पातं धरून छोट्या हातोडीने फक्त जागा दाखवी, आणि त्याच जागेवर बाई घण घाली. ती दाखवणारी हातोडी आणि तो घण यांचा ताल कधी चुकलेला पाहिला नाही. हातोडी ऐरणीवर आडवी टेकवली की घण थांबे. तोंडातून शब्द नाही.

ऐरण म्हणजे जमिनीत ठोकलेला ओंजळीत मावेल एवढा पोलादाचा ठोकळा. भाता कातड्याचा. एवढ्या सामानावर कुऱ्हाडी, विळे, खुरपी, शेतकऱ्याचं सगळं काम होई.

माझी सूचना : रानवाट, १५ हजारांतले पहिले दोन-तीन हजार अशा एखाद्या कारागिराला त्याच्या दिवसाची पूर्ण मजुरी म्हणून द्या, शेजारी बसा, त्याच्या हाताखाली घण घाला. काय घ्यायचं नाही ते तिथे कळेल.

कृष्णाकाठ

मास्तर, प्रतिसाद फार आवडला. मजुरीचं लिहिलंत ते विशेष. लोक ‘जरा दाखवा की’ म्हणून फुकट बसतात, फोटो काढतात आणि शेवटी खुरप्याच्या भावात घासाघीस करतात.

तलवारबहाद्दर

दमास्कसची सुरी घरी करता येईल का? ती लाटालाटांची नक्षी असते ती?

धातुशास्त्री

येईल, पण आता नको. आज विकतात ती बहुतेक दोन पोलादांचे थर ठोकून जोडलेली असते, त्याला बरीच जास्त उष्णता, टाकणखार आणि सरावलेला हात लागतो. मूळ दमास्कसचं पोलाद वेगळं होतं. मुशीत वितळवून केलेल्या पोलादातून ती नक्षी आपोआप उमटायची, आणि ते दख्खनेतून बाहेर जायचं. तेलंगणात निजामाबादकडचं कोनासमुद्रम हे त्याचं नावाजलेलं केंद्र होतं. वेगळा धागा काढा, लिहायला आवडेल.

तलवारबहाद्दर

आणि तलवार?

शिरोळकर

नाव बदला आधी :) तलवार, खंजीर, गुप्ती यांच्या वाटेला जाऊ नका. ही शस्त्रं शस्त्र कायद्याच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरेही त्यात धरले आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले तेवढे वगळले आहेत. स्वयंपाकाची सुरी आणि कोयती करा, निर्धास्त राहा. आणि ती कमरेला लावून गावात फिरू नका.

बोस्टनचा_बंड्या

इकडे बेसमेंटमध्ये धूर चालत नाही म्हणून मी संध्याकाळच्या वर्गाला जातो, हत्यारं त्यांचीच. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची एक परीक्षा असते ती सांगतो, म्हणजे धातुशास्त्री कशावर भर देतायत ते कळेल. स्वतः घडवलेल्या एकाच सुरीने आधी लोंबता इंचभर जाड दोर एका घावात तोडायचा, मग दोन बाय चार इंची लाकडी फळी दोनदा आरपार तोडायची, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचं, तुटता कामा नये. यात ऐरण कुठली होती हे कोणी विचारत नाही. सगळं पाणी देण्यावर आणि नंतर मंद तापवून कडकपणा थोडा उतरवण्यावर.

रानवाट

खूपच भर पडतेय, सगळ्यांचे आभार. आता पाणी देण्याबद्दलच सांगा. पाणी की तेल? किती तापवायचं ते कोळशात कसं ओळखायचं?

धातुशास्त्री

सी-७५ आणि पाटा दोन्हींना तेल. आपले लोहार पाण्यात देतात, पण ते पातं क्षणभर बुडवून बाहेर काढतात, पाठीतली उष्णता धारेकडे येऊ देतात, रंग बघतात आणि मग पुन्हा बुडवतात. तो हात यायला वर्षं जातात. नवा माणूस सरळ पाण्यात घालतो आणि ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की पातं गेलं.

शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं पाच-सात लिटर तेल, उभ्या लोखंडी डब्यात, झाकणासकट. प्लास्टिकची बादली अजिबात नाही. गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरू नका, धूर विषारी असतो आणि सुरी पुढे भाजीला लावायची आहे. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याभोवती लवकर फिरतं. पातं टोकाकडून सरळ उभं घाला, हलवायचं तर धारेच्या दिशेत पुढेमागे. आडवं हलवलं की वाकतं.

तापमानाला चुंबक. दाराचं साधं चुंबक तारेला बांधा. पोलाद ७७० अंशांच्या सुमाराला चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून अजून थोडं, एक छटा वर. हे काम दिवसा उन्हात करू नका, तिन्हीसांजेला करा. नीट पाहिलंत तर तापताना लाल पात्यावर काळसर सावल्या सरकताना दिसतात, ढग सरकावेत तशा. आत घडण बदलत असताना पोलाद उष्णता पिऊन घेतं, म्हणून तेवढा भाग मंद दिसतो. सावली टोकापासून मागेपर्यंत विरली, सगळं पातं एका रंगाचं झालं, की तेलात.

त्याआधी एक गोष्ट लोक गाळतात. घडवून झाल्यावर पातं तीनदा त्याच रंगापर्यंत तापवून हवेत काळं होईपर्यंत थंड करायचं. ठोकताना फुगलेले कण यात बारीक होतात. खात्री हवी असेल तर त्याच पट्टीचा एक तुकडा असाच तापवा, तेलात द्या आणि व्हाइसमध्ये मोडा. मोड राखाडी, मखमलीसारखा असेल तर ठीक. साखरेच्या दाण्यांसारखा चमकला तर जास्त तापवताय.

ओव्हीकाका

आणि तेलातून काढल्यावर कानस फिरवून बघायची. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली तर कडक झालं. पकडली तर पुन्हा तापवा. या अवस्थेत पातं खाली पडू देऊ नका, फरशीवर दोन तुकडे होतात. हा ठिसूळपणा उतरवायला त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. आधी पातं घासून पांढरं करून ठेवलं तर त्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढलेला दिसतो. केक करायचा छोटा ओव्हन चालतो, पण त्याच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचा तापमापक वेगळा घ्या.

सुगरणबाई

केकचा ओव्हन??? रानवाट, ही परवानगी वेगळी काढावी लागेल.

ओव्हीकाका

पातं साबणाने धुऊन, तेल पूर्ण काढून ठेवायचं ताई. तरी जुना ओव्हन वेगळा मिळाला तर उत्तम, घरात शांतता राहते.

पॉलिशपेपर

बेल्ट ग्राइंडर घ्यायचा का नाही, हे राहिलं. माझं मत : घ्यायचा, पण पहिल्या काही सुऱ्या कानसीने. एक १२ इंची भरड चपटी कानस, एक बारीक, आणि घट्ट बसवलेला व्हाइस. वेळ लागतो पण धारेचा उतार हाताला कळतो. चार इंची ग्राइंडर बाह्याकृती कापायलाच ठेवा, त्याने उतार काढायला गेलं की एका क्षणात खड्डा पडतो.

ग्राइंडरचं गार्ड काढू नका, माप बसत नाही म्हणून मोठी चकती लावू नका. भट्टीपाशी सुती कपडे, चामडी बूट, डोळ्यांना चष्मा, कानात बोळे. फिरत्या यंत्रावर सैल हातमोजे नकोत, मोजा अडकला की हात आत ओढला जातो. आणि पाणी दिल्यानंतरचं घासकाम असेल तर दर दोन घासांनी पातं पाण्यात बुडवायचं. धारेवर निळा डाग दिसला तर तिथला कडकपणा उतरला.

घाटमाथा

व्हाइस मात्र नवा आणि दणकट घ्या. इतर सगळ्यात काटकसर करा.

रानवाट

मंडळी, यादी पार बदलली. ऐरण, गॅसची भट्टी, सांडशा आणि बेल्ट ग्राइंडर चारही कटाप. आता अशी : शाफ्टचा तुकडा आणि चिंचेचा ओंडका (ओंडका परसातच आहे), ८०० ग्रॅमचा हातोडा, हाताचा पंखा, लोणारी कोळशाची दोन पोती, सी-७५ ची पट्टी, व्हाइस, दोन कानसी, तेल आणि जुना ओव्हन. चष्मा, बूट, कानातले बोळे धरले आहेत. सर्वांत आधी मास्तरांनी सांगितलेली मजुरी. वाईच्या रस्त्याला एक कुटुंब काम करतं, त्यांच्याशी बोललो. सोमवारी या म्हणाले.

मुठीला शिसम घेऊ का बाभूळ?

कृष्णाकाठ

शिसम. पाण्याने कमी हलतो. दोन फळ्या, पितळी सळईच्या तीन पिना आणि अरल्डाइट. घासताना तोंडाला मास्क लावा, शिसमाची भुकटी घशाला लागते. बाभूळ हातोड्याच्या दांड्याला ठेवा.

भाताफुंक्या

कोळसा तिसरं पोतंही आणून ठेवा. दोन पुरणार नाहीत.